भैयालालची सिमेंटची टाकी

सासरे अंगाला साबण लावून बसलेले असताना मोरीतलं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागावं, ही गोष्ट कोणत्याही जावयाच्या आयुष्यात घडू नये. पुंडलिक कापगतेच्या आयुष्यात ती घडली, आणि तीही बायकोला पहिल्यांदाच भिलाईला आणलं त्या हिवाळ्यात.

पोलादाच्या कारखान्यातली पहिली भट्टी पेटून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पुंडलिक स्टोअरमध्ये कारकून होता. मॅट्रिक झालेला, इस्त्रीची पँट घालणारा, आणि नटबोल्टांच्या पेट्या उघडतानासुद्धा बाह्यांची घडी मोडू न देणारा गडी. लग्न झालं तेव्हा तो कॅम्पातल्या एका खोलीत बाप्यांच्या गर्दीत राहत होता, म्हणून अन्नपूर्णा माहेरी, आमगावलाच राहिली. सुट्टीच्या दिवशी तो पॅसेंजरनं आमगावला जायचा, सासऱ्यांसमोर ओसरीवर बसून चहा प्यायचा, दाराआडून येणारा बांगड्यांचा आवाज ऐकायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. एवढ्या आवाजावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

मग सुपेला गावाच्या कडेला भैयालालची तीन बिऱ्हाडांची ओळ उभी राहिली आणि पुंडलिकला त्यातलं मधलं घर मिळालं. भैयालाल इथलाच शेतकरी. त्याचं शेत कारखान्यात गेलं, गाव उठलं, आणि मिळालेल्या पैशातून त्यानं ही ओळ बांधली. तिच्या भिंती मातीच्या, छपरावरचे कवेलू जुने. पण मागच्या अंगणात जमिनीखाली संडासची टाकी होती आणि ती सिमेंटची होती. सगळं सिमेंट कारखान्याच्या पायात जात होतं त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला भैयालाल छातीवर हात ठेवून सांगायचा, "सिमेंट के टंकी हे, बाबू! सिमेंट के!"

तर त्या टाकीच्या भरवशावर पुंडलिकनं बायको आणली. पंधरवडा होतो न होतो तोच सासरे कृष्णराव लेकीचा संसार पाहायला आले, आणि सकाळी आंघोळीला बसले. पुढे मोरीतून पाण्याबरोबर काय काय वर आलं ते सांगायची गरज नाही. कृष्णरावांनीही ते पुढे कोणाला सांगितलं नाही, हे त्यांचे उपकारच. शेजारी रामाजीच्या घरी त्यांनी पुन्हा अंग धुतलं, फेटा बांधला, आणि शांतपणे म्हणाले, "जावईबुवा, पोरीले घेऊन जातो. घराचं पोट साफ झालं का मंग सांगा."

अन्नपूर्णानं पत्र्याची पेटी भरली. निघताना तिनं दारात थांबून एकदा मागं वळून पाहिलं. ती नजर आपल्यासाठी होती की मोरीसाठी, हे पुंडलिकला कळलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तो हाच विचार करत राहिला. कारण तो नेमका तिच्या आणि मोरीच्या मधोमध, हातात खराटा घेऊन उभा होता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं ठरवलं, हे पोट साफ करायचंच.

आता असं आहे, की माणसाला ताप आला तर शेजारी विचारपूस करतात. पण माणसाची मोरी तुंबली तर शेजारी तज्ज्ञ होतात. रामाजी बावनकर हा मालगाडीवरचा गार्ड. आयुष्यभर आख्ख्या गाडीच्या मागं बसून पुढचा अंदाज घ्यायची त्याला सवय. त्यानं मोरी-संडासच्या सामायिक पाइपात डोकावून निदान केलं, "काही नाई जी, मधात एक डबा अडकला हाय. मांगून धक्का द्या." धक्क्यासाठी लांब बांबू आणला. बांबू आत गेला, वळणावर गेला, आणि तिथंच राहिला. ओढून निघेना, ढकलून सरकेना. त्याचं दुसरं टोक पुंडलिकच्या संडासातून तिरकं वर येऊन कवेलूंच्या बाहेर निघालं. दोनच दिवसांत रामाजीच्या बायकोनं, सिंधुताईनं, त्यावर लुगडी वाळत घातली. लोक पुंडलिकच्या घराचा पत्ता सांगताना 'बांबूवाले बाबू' म्हणू लागले. मॅट्रिकचं सर्टिफिकेट पेटीत होतं आणि बांबू बाहेर होता. लोकांना जे दिसतं तेच लोक बोलतात.

सिंधुताईचं म्हणणं वेगळंच पडलं. "टाकी म्हंजे दह्यासारखी रायते, भाऊ. तिले विरजण लागते. विरजण नसल तर आतलं सगळं जसंच्या तसं रायते, जिरत नाई." हे तिला गोंदियाच्या एका डॉक्टरिणीनं सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरीण म्हटल्यावर पुंडलिक विरघळला. त्यानं घागरभर ताक संडासात ओतलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांच्या मोऱ्यांतून आंबूस वास येऊ लागला. सिंधुताईला मात्र तो शुभशकुन वाटला. "लागलं विरजण," ती म्हणाली.

मग पुंडलिकनं सरकारी वाट धरली. अर्ज लिहिण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. टाउनशिपच्या एका कचेरीत त्याला सांगण्यात आलं, की सुपेल्याची ती कड त्यांच्या हद्दीत येत नाही. गावच्या पंचांनी सांगितलं, की ती कड तर केव्हाच कारखान्याच्या नकाशात गेली. दुर्गच्या कचेरीतल्या बाबूनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, चष्मा पुसला आणि भोपाळला लिहायला सांगितलं; पुंडलिकनं तेही लिहिलं. देश एवढा मोठा, त्यात पोलादाचा कारखाना उभा राहतो, रशियातून माणसं येतात, पण पुंडलिकची मोरी मात्र कोणाच्याच हद्दीत नव्हती. त्या दिवशी सायकलवरून परत येताना त्याला आपणही तसेच आहोत असं वाटलं. घर इथं, बायको तिथं, आणि मधल्या अंतराचा कोणी धनी नाही.

घरी आल्यावर तो चूल पेटवायचा, भात टाकायचा, आणि दोन माणसांचा टाकला आहे हे भात वर आल्यावर लक्षात यायचं. कोनाड्यात अन्नपूर्णाची कंगव्यातली केसांची गुंतवळ राहिली होती. ती फेकून द्यावी असं त्याच्या अनेकदा मनात आलं आणि तेवढ्याच वेळा त्यानं ती पुन्हा जागेवर ठेवली.

शेवटी रामाजीनंच निकाल दिला. "टाकी उघडाच, पुंडलिकराव. टाकी पाह्यल्याबिगर काही कळत नाई." हे बरोबर होतं; पण टाकी होती कुठं? बांधणारा मिस्त्री कधीच निघून गेला होता. भैयालालला विचारलं तर तो हवेत हात फिरवून म्हणे, "एती डहर... नइ त ओती डहर." म्हणजे इकडे, नाहीतर तिकडे. आपल्या टाकीचा एवढा अभिमान असलेल्या माणसाला ती कुठं आहे हे ठाऊक नसावं, याचं पुंडलिकला नवल वाटलं. पण त्यानं कुदळ हातात घेतली.

पाइप जाईल तिकडे खणायचं असं ठरलं. रामाजी दोन्ही झेंड्या घेऊन पुढं उभा राही. हिरवी दिसली की खणायचं, लाल दिसली की थांबायचं. लाल दिसायच्या आत सिंधुताईचा सांबाराचा वाफा गेला. 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यातली कोथिंबीर म्हणजे सिंधुताईचा जीव. ती नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही, तेव्हा रामाजी पुंडलिकला म्हणाला, "तुमच्या मोरीनं माह्या घरातली बायकोई गप्प केली." मग कपडे वाळत घालायचा खांब आडवा झाला. मग भैयालालची म्हैस खड्ड्यात उतरली आणि तिला तिथला गारवा आवडला. इस्त्रीची पँट आता गुडघ्यापर्यंत दुमडलेली असे. स्टोअरमधले लोक विचारत, "काय कापगते, आज कुठपर्यंत पोचलं?" जणू पुंडलिक एकटाच दुसरा कारखाना उभा करत होता.

आणि खड्डा जसजसा अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे सरकू लागला तसतसा भैयालाल अस्वस्थ होऊ लागला. आधी म्हणाला, तिथं नाग राहतो. मग म्हणाला, तिथं खणलं तर विहिरीचं पाणी आटेल. मग म्हणाला, सगळी ओळ पडेल. शेवटी तो धावतच आला आणि खड्ड्याच्या तोंडाशी आडवा उभा राहून खणू नका म्हणून ओरडू लागला. "उहाँ झन खोदव, बाबू! झन खोदव!"

पण तोवर कुदळ लागली होती. पाइप संपला होता. सिमेंटच्या भिंतीच्या वीतभर अलीकडे, उघड्या मातीत, तो गुमान संपला होता. टाकीत गेलाच नव्हता. जे काही होतं ते इतके दिवस मातीत मुरत होतं, आणि माती भरल्यावर माघारी फिरलं होतं.

"मंग टाकीत काय हाय?" रामाजी म्हणाला.

दोघांनी पहार लावून झाकण सरकवलं. सिंधुताईनं पदर नाकाला लावला. रामाजीनं लाल झेंडी नाकाला लावली. पण वर जो वास आला तो ओळखायला पुंडलिकला क्षणभर लागला, कारण तो वास इथं असेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो त्याच्या लहानपणच्या कोठीचा वास होता. टाकीत धान होतं. काठोकाठ, कोरडं, सोनेरी, वर कडुनिंबाचा पाला अंथरलेलं.

भैयालाल खड्ड्याच्या काठावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी सापडलेल्या माणसाची लाज नव्हती. कोणीतरी देवघरात चपला घालून आल्यावर पाहावं तसा तो पाहत होता.

"मोर खेत के आखरी धान हे, बाबू," तो म्हणाला. त्याच्या शेतातलं हे शेवटचं पीक. कापणी झाली आणि मोजणीवाले आले. गाव उठताना लोकांनी भांडी नेली, कवेलू नेले, दारं नेली; भैयालालनं हे धान आणलं. विकलं नाही, खाल्लं नाही. इथं ठेवायचं कुठं? मातीच्या घरात उंदीर. मिस्त्रीनं टाकी बांधून दाखवली तेव्हा त्याला वाटलं, अशी कोठी तर आपल्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती. "अइसन सुग्घर सिमेंट के कोठी. ओमा ओला कइसे डारतेंव?" अशा कोठीत ती घाण कशी सोडणार, म्हणून पाइप त्यानं बाहेरच थांबवला होता.

रामाजी उसळला. "अरे, आमाले भाड्यानं घर देतं अन् संडासच्या टाकीत धान भरतं? काढ सारं बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

भैयालालनं नुसता हात पसरून धानावर ठेवला.

पुंडलिकनं त्या हाताकडे पाहिलं. घाणीत उभं राहून इतके दिवस खणलं ते याच क्षणासाठी. एक शब्द बोलायचा अवकाश, की धान बाहेर, पाइप आत, आणि येत्या सुट्टीला अन्नपूर्णा घरी. पण जे हाताशी आहे आणि तरी आपलं होत नाही, त्याची राखण करत बसणं काय असतं हे त्याला या ओळीत सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"रामाजी," तो म्हणाला, "झाकण लावा."

"काय?"

"लावा झाकण."

झाकण लागलं. रामाजीनं बोलणं टाकलं, सिंधुताईनं आधीच टाकलं होतं. अंगणभर चर, चरात म्हैस, कवेलूंच्या वर बांबू, आणि मोरी जशीच्या तशी. असं सगळं मागं ठेवून पुंडलिक सुट्टीच्या दिवशी आमगावला गेला. सासरे बाजाराला गेले होते. अन्नपूर्णा मागच्या आवारात गोवऱ्या रचत होती. ओसरी नाही, चहा नाही, मधलं दार नाही. आमगावच्या घरी पहिल्यांदाच दोघं अशी समोरासमोर आली आणि दोघांनाही हातांचं काय करावं कळेना.

"झाली का मोरी साफ?" तिनं विचारलं.

"नाई." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं सगळंच सांगायला सुरुवात केली. बांबू सांगितला. लुगडी सांगितली. विरजणापाशी ती हसली. तोंडावर गोवरीचा हात घेऊन, खांदे हलवत हसली. तिचं असं मोकळं हसणं त्यानं भिलाईच्या पंधरवड्यातही ऐकलं नव्हतं. दाराआडच्या बांगड्यांवर आपण किती दिवस काढले, असं त्याच्या मनात आलं. पण धानाशी आल्यावर तिचा हात तोंडावरून खाली आला.

"कोणतं धान होय?"

"मले काय माहीत?"

"इचारलं नाई तुमी?"

"नाई बा."

"त्या बुवानं एवढं जपून ठेवलं, अन् कोणतं हाय हेबी कोणी इचारलं नाई?" तिनं गोवरी खाली ठेवली. "मले घेऊन चला."

"अवं, पण मोरी अजून तुंबलीच हाय."

"मले का मोरीत राहाचं हाय?"

पुंडलिक पाहतच राहिला. "मंग त्या दिवशी बाबांच्या संगं कावून आली?"

ती बराच वेळ बोटांवरचं शेण काढत राहिली. "तुमी 'राह्य' म्हणलं नाई," ती म्हणाली. "मी दारात थांबली होती. तुमी खराटा धरून उभे होते."

एवढं मोठं अंगण खणलं, भोपाळपर्यंत अर्ज पोचला, आणि गोष्ट एवढीच होती. एक शब्द. पुंडलिकनं तो तिथंच म्हणायचा प्रयत्न केला, पण सासुरवाडीच्या आवारात उभं राहून बायकोला 'राह्य' म्हणणं बरं दिसेना, म्हणून तो म्हणाला, "चाल." ती हात धुवायला गेली. कृष्णराव बाजारातून आले तेव्हा पत्र्याची पेटी ओसरीवर आलेली होती. "पोट साफ झालं?" त्यांनी विचारलं. "नाई बाबा," लेक म्हणाली, "पण मले तिथं काम हाय."

भिलाईला आल्यावर तिनं घरात पाऊलसुद्धा नीट टाकलं नाही. पेटी दारात ठेवून ती मागं गेली, म्हशीला बाजूला सारून चर ओलांडला आणि भैयालालसमोर जाऊन बसली. "दाखवा जी तुमचं धान," म्हणाली.

कोण जाणे का, त्यानं झाकण सरकवलं. तिनं चिमूटभर दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, एक दाणा दातांखाली घेतला. "लुचई होय का?"

भैयालालचा चेहरा उजळला. "हव, बेटी! लुचई!" आणि मग तो जो बोलायला लागला तो थांबेना. कोणत्या बांधाला पाणी आधी यायचं, कोणत्या तुकड्यात चिखल मांडीपर्यंत, कापणीला कोण कोण यायचं. तो छत्तीसगढीत बोलत होता, ती मराठीत विचारत होती, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. तीही धानाच्याच मुलखातली. पुंडलिक बाजूला उभा राहून तिच्याकडे पाहत होता. ही बाई एवढी बोलते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पेरून पाह्यलं का?" तिनं शेवटी विचारलं.

भैयालालनं मान खाली घातली. दर पावसाळ्याला तो मूठभर दाणे गाडग्यात पेरायचा. पहिल्या वर्षी थोडे उगवले. आता एकही नाही. "मर गे हे, बेटी."

"पेराले मेलं असंल," अन्नपूर्णा हळूच म्हणाली. "खायाले नाई मेलं. जुन्या धानाचा भात कसा मोकळा होते, तुमाले मी काय सांगू? अजून दोन-तीन वर्षं ठेवाल तर पाखरू लागून किडंल, मंग खायालेबी राहणार नाई."

तो झाकण लावून निघून गेला. पण सकाळी पुंडलिकनं दार उघडलं तेव्हा टोपली घेऊन तो टाकीत उतरलेला होता.

त्या दिवशी ओळीतली भांडणं आपोआप मिटली, कारण उखळ सिंधुताईकडे होतं. बायकांनी कांडण काढलं, पाखडलं. अन्नपूर्णानं अंगणातच मोठ्या गंजात भात टाकला, आणि तो शिजू लागला तसा आंबूस वासाच्या त्या ओळीवर असा सुगंध पसरला की रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून आत डोकावू लागले. पहिलं पान भैयालालचं. बाकी सगळे थांबले. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिला. रामाजीनं न राहवून विचारलं, "कसा झाला?"

"बढ़िया," भैयालाल म्हणाला. मग आणखी एक घास घेऊन म्हणाला, "हमर कुआँ के पानी म चुरतिस, त अउ मीठ लागतिस."

आमच्या विहिरीच्या पाण्यात शिजला असता तर आणखी गोड लागला असता. ती विहीर आता कुठं होती, कोणत्या शेडखाली, कोणत्या रुळाखाली, कोणालाच माहीत नव्हतं. अन्नपूर्णानं त्याच्या पानात आणखी भात वाढला, आणि तो जेवत राहिला.

उरलेलं धान बिऱ्हाडांत वाटलं गेलं आणि टाकी मोकळी झाली. नवा मिस्त्री आला. त्यानं बांबू पाइपासकट कापून काढला, नवा पाइप टाकीत नीट सोडला, आणि विरजणाची हकीकत ऐकून पोट धरून हसला. रामाजीनं हिरवी झेंडी दाखवली, पुंडलिकनं बादलीभर पाणी ओतलं, आणि ते पाणी जिथं जायला हवं तिथं निमूट गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता पहिला मान मालकाचा म्हणून सगळे भैयालालकडे वळले, तर तो गायब. शोधलं तेव्हा दूर, रुळांपलीकडच्या मोकळ्या रानाकडे लोटा घेऊन निघालेला दिसला. अशा सुंदर सिमेंटच्या वास्तूत ते करायला त्याचं मन शेवटपर्यंत धजलं नाही.

अन्नपूर्णा राहिली. चर बुजवून तिनं सिंधुताईला वाफा करून दिला, भिंत सारवली, कोनाडा पुसला. पुंडलिक घरी आला की भात दोन माणसांचा असे आणि दोन माणसांना पुरे. बोलायलाही तो हळूहळू शिकला. आधी स्टोअरचं, मग इतर.

एका संध्याकाळी दोघं मागच्या दारात बसली होती. कारखान्याकडचं आभाळ तांबडं झालं होतं. आमगावावरून गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर निघाली, तसा तांदूळ निवडणारा अन्नपूर्णाचा हात थांबला. गाडीचा आवाज दूर जाऊन पार विरेपर्यंत तो तसाच थांबलेला राहिला. मग पुन्हा फिरू लागला.

पुंडलिकला तो थांबलेला हात ओळखीचा वाटला. त्याचं वाट पाहणं संपलं होतं. तिचं, माहेरासाठीचं, आता सुरू झालं होतं, आणि ते त्यानं लक्षात घ्यायला हवं होतं. या वेळी तो गप्प राहिला नाही.

"येत्या सुट्टीले आमगावले जाऊन येऊ," तो म्हणाला.

तिनं सुपावरून मान वर केली. डोळे ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू जमत होतं.

"कावून?" ती म्हणाली. "टाकी पुन्हा भरली का?"